चौसष्ट घोडे आणि त्सुबाकीची वळणं

टोकियोहून क्योटोकडे सुटलेली नोझोमी बुलेट ट्रेन हमामात्सुला थांबत नाही. बहुतेक प्रवाशांना त्याचं काही वाटतही नाही, कारण गावात पाहायला फारसं काही नाहीच: एक छोटासा किल्ला, एक उंच टॉवर आणि मध्यभागी वाफवलेल्या मोडांचा ढीग ठेवून भोवती गोल मांडलेल्या ग्योझांची, म्हणजे जपानी मोमोंची, हॉटेलं. पण १९४८ साली होंडा कंपनी याच गावात सुरू झाली, यामाहा आणि कावाईचे पियानो इथलेच, आणि सुझुकीचं मुख्यालयही इथेच. ज्याचं लहानपण मारुती एट हंड्रेडच्या मागच्या सीटवर भावंडांत चेंगरून गेलं, त्याने एकदा तरी सगळ्या स्टेशनांवर थांबणारी कोदामा पकडून इथे उतरावं.

सुझुकीचं संग्रहालय हमामात्सुच्या पुढच्याच ताकात्सुका स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, कंपनीच्या मुख्यालयासमोर. प्रवेश फुकट, मात्र आधी वेळ घ्यावी लागते. तिसऱ्या मजल्यावर गाड्यांच्या आधी दिसतात ते हातमाग. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली माग बनवायला सुरुवात केली. सायकलला जोडायचं इंजिन आलं ते थेट १९५२ साली, आणि पहिली मोटार, ३६० सीसीची सुझुलाइट, १९५५ साली. शाळेची सहल आली होती. पोरं मागांपुढून पळत गेली, मी रेंगाळलो. इचलकरंजीत आजोळ असलेल्या माणसाचा पाय मागापाशी अडकणारच.

१९७९ची पहिली आल्टो मात्र मी बराच वेळ पाहत उभा होतो. किंमत ४ लाख ७० हजार येन, सगळ्या देशात एकच. एवढी स्वस्त कशी, तर तिची नोंद मालवाहू म्हणून. प्रवासी गाडीवर वस्तुकर होता, मालवाहूवर नव्हता. म्हणून मागची सीट नावापुरती ठेवली आणि कर वाचवला. जपानमधल्या छोट्या गाड्यांची सगळी कथा ही अशी करखात्याच्या पट्टीने मोजून लिहिलेली आहे. 'केई' हा तिथला सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग. आज त्याची मर्यादा लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी. नंबरप्लेट पिवळी, कर कमी. यात वेगाची हौस बसवायची कुठे, असं आपल्याला वाटेल. त्यांनी बसवली.

१९८७ साली सुझुकीने आल्टो वर्क्स काढली. तेव्हा केईची मर्यादा ५५० सीसी होती. तेवढ्याशा तीन सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि बारा व्हॉल्व्ह लावून त्यांनी ६४ अश्वशक्ती काढली. मग कंपन्यांनी आपापसांत ठरवलं की आता बास, याच्या पुढे कुणी जायचं नाही. कायदा नाही, नुसता शब्द. मोठ्या गाड्यांसाठी असाच २८०चा शब्द होता, तो २००४ साली सुटला. चौसष्टचा अजून पाळला जातो.

आता खरी गंमत सांगतो. ज्या आल्टोवर ती पहिली वर्क्स बेतली होती, तिचंच शरीर घेऊन १९८६ पासून आपली दुसऱ्या पिढीची एट हंड्रेड आली. म्हणजे आमच्या बाबांची पांढरी गाडी, जी वर्षातून एकदा गणपतीपुळ्याला जाताना आंबा घाटात तापायची, तिची सख्खी बहीण जपानमध्ये टर्बो लावून, हवी असल्यास चारही चाकांना ताकद देत फिरत होती. आपल्याकडे ७९६ सीसीत चाळीसच्याही आत घोडे, तिथे ५४३ सीसीत चौसष्ट. घरी हे सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न: "ॲव्हरेज किती द्यायची?"

हमामात्सुहून परत कोदामानेच ओदावाराला आलो. टोकियोकडे जाताना डाव्या खिडकीची सीट घ्या, शिन-फुजीच्या आसपास फुजी पूर्ण दिसतो. नोव्हेंबर होता, माथ्यावर बर्फ बसलं होतं. ओदावाराला मावसभाऊ येऊन थांबला होता. तो निशी-कासाईला राहतो, आयटीत आहे, आणि त्याच्याकडे होंडाची एन-बॉक्स आहे: देशात सगळ्यात जास्त खपणारी, उंच डब्याच्या आकाराची केई. गाड्यांचं त्याला काडीचं प्रेम नाही. "दादा, एवढ्या लांबून आलास आणि तीस वर्षांची जुनी गाडी भाड्याने घेणार? नवीन घे की, सेन्सर असतात," असं म्हणत तो माझ्याबरोबर आला, कारण गॅरेजवाल्यांशी बोलायला जपानी येणारं कुणीतरी हवं होतं.

गाडी होती सुझुकी कॅपुचिनो. १९९१ची जात. त्याच सुमारास होंडाने बीट काढली होती आणि पुढच्या वर्षी माझ्दाने ऑटोझॅम नावाखाली एझी-वन आणली. तिन्ही दोन सीटच्या, तिन्ही चौसष्ट घोड्यांच्या, आणि तिन्ही जपानच्या तेजीच्या काळात कागदावर उतरून मंदीत रस्त्यावर आलेल्या. भारतात यातली एकही कधी विकली गेली नाही. कॅपुचिनो थोडी ब्रिटनला गेली, तीही दोन-तीन वर्षंच.

फोटोवरून तिच्या आकाराची कल्पना येत नाही. उंची १,१८५ मिलिमीटर. शेजारी उभा राहिलो तर टप माझ्या बरगड्यांच्या खाली. आत बसायचं म्हणजे आधी बूड टाकायचं, मग एक पाय, मग दुसरा, आणि शेवटी डोकं. बसल्यावर समोरच्या ट्रकचं चाक नजरेच्या पातळीवर येतं. टप तीन तुकड्यांचा. गॅरेजच्या मालकांनी ते एकेक करून काढून दाखवले, नीट पिशव्यांत घातले आणि डिकीत रचले. डिकी संपली. मावसभावाची बॅग त्याच्या मांडीवर गेली ती परत येईपर्यंत तिथेच राहिली.

हाकोनेच्या डोंगरावर जायला आम्ही हाकोने टर्नपाइक धरला. खासगी टोल रस्ता, रुंद, गुळगुळीत, आणि ओदावाराच्या समुद्रापासून हजारेक मीटर उंचीपर्यंत सरळसोट चढत जाणारा. खरं सांगायचं तर इथे कॅपुचिनोची दमछाक होते. दोन माणसं, एक बॅग, आणि तीन हजार आरपीएमच्या खाली गाडीत जीव नाही. गिअर खाली, रेस, टर्बोची शिट्टी, मग जरा ओढायला लागते, तोवर मागून एखादी मोठी जर्मन गाडी हूं की चूं न करता निघून जाते. भाऊ म्हणाला, "बघ, एन-बॉक्सही एवढी चढली असती." मी गप्प बसलो. त्याचं चुकत नव्हतं.

वर दाइकानझानला वाहनतळ आहे. समोर आशी तळं, मागे फुजी. रविवारची सकाळ, त्यामुळे हौशी लोकांची जत्रा भरली होती. कुणी कुणाला विचारत नाही की कितीला घेतली. बॉनेट उघडायचं, हात मागे बांधायचे, वाकून बघायचं. एक पिवळी बीट होती, झेब्र्याच्या पट्ट्यांच्या सीटवाली. हिला टर्बो नाही. चौसष्टचे चौसष्ट घोडे हवे असतील तर इंजिन आठ हजारांच्या वर फिरवावं लागतं, आणि ते सीटच्या पाठीमागेच बसलेलं, म्हणजे सगळा आवाज मानेवर. सोइचिरो होंडा १९९१च्या ऑगस्टमध्ये गेले. बीट त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आली होती. पलीकडे एझी-वनचे दरवाजे पंखांसारखे वर उघडलेले. तिच्यात इंजिन सुझुकीचंच, कॅपुचिनोतलं.

आणि कडेला, कुणी फारसं न बघितलेली, एक काळी पहिल्या पिढीची आल्टो वर्क्स. बॉनेटवर हवा घ्यायचं नाक, पुढे जाडजूड बंपर, पण बाजूने पाहिलं की थेट आमची एट हंड्रेड. तोच खांब, तीच खिडकीची रेघ. मालक साठीच्या पुढचे, डोक्यावर मळकी टोपी. मी फोनवर बाबांच्या गाडीचा फोटो दाखवला. पुढे हार, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक. ते हसले आणि लगेच गाडीचा कारखान्यातला कोड म्हणाले. मग भावामार्फत विचारलं, "चारही दरवाजे? आणि आत किती माणसं बसायची?" मी म्हटलं, सहा, कधी सात. भावाने भाषांतर केल्यावर त्यांनी आपल्या गाडीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

उतरताना टर्नपाइक घेतला नाही. दाइकानझानवरून युगावाराकडे उतरणारी त्सुबाकी लाइन घेतली, आणि गाडी काय चीज आहे ते इथे कळलं. रस्ता अरुंद, झाडीतून, वळणामागे वळण, बरीचशी पूर्ण उलटी फिरणारी. वेग चाळीस-पन्नास, त्याच्या पुढे जायची सोय नाही आणि गरजही नाही. गाडीचं वजन जेमतेम सातशे किलो. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना. स्टिअरिंग बोटभर फिरवलं की नाक वळतं, आणि गाडीचं बूड तुमच्याच कमरेला बांधल्यासारखं मागून येतं. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. इंजिन पूर्ण पिळून घेतलं तरी पोलिसाने थांबवावं असं काही घडत नाही. मोठ्या ताकदवान गाडीत तुम्ही कायम तिला आवरत असता. इथे जेवढं आहे तेवढं सगळं वापरता येतं. उघड्या टपातून थंडी, पायांवर हीटर, आणि शेजारी भाऊ बॅग घट्ट धरून. अर्ध्या रस्त्यात त्याने एन-बॉक्सचं नाव काढणं बंद केलं. खाली संत्र्यांच्या बागा लागल्या, समुद्र दिसला, तेव्हा म्हणाला, "थांब जरा, मी चालवतो."

मग मानाझुरूवरून किनाऱ्याकिनाऱ्याने ओदावारा. त्या रस्त्यावर एक पिवळी स्विफ्ट स्पोर्ट आमच्या पुढे होती, आणि डोक्यात पुन्हा घरचा हिशेब सुरू झाला. २०१७च्या पिढीची ही स्विफ्ट: ९७० किलो, १.४ लिटर टर्बो, १४० अश्वशक्ती, हाताने टाकायचे सहा गिअर. भारतात स्विफ्ट गल्लोगल्ली, पण स्पोर्ट कधी आली नाही. आपल्याकडची पट्टी वेगळी: चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल तरच छोट्या गाडीचा कर. स्पोर्ट लांबीत बसते, इंजिनात बसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तरी रेघ तिथेच आहे, आत १८ टक्के, बाहेर ४०.

पण सगळा दोष करावर टाकला तर ते खोटं ठरेल. २०१५ साली रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघत होती. चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी. दोन्ही पुणे जिल्ह्यातल्या. मारुतीने २०१७ साली बलेनो आरएस आणली, ती तर १,००० सीसीची, करात चपखल बसणारी, २०२०पर्यंत गुंडाळलीसुद्धा. टाटांची टियागो जेटीपीही तशीच आली नि गेली. गाड्या वाईट नव्हत्या. आपण शोरूममध्ये गेलो, फिरून पाहिलं, आणि तेवढ्याच पैशांत सनरूफवाली उंच गाडी घेऊन घरी आलो. आता तीच पोलो जीटी सेकंडहँड बाजारात शोधत फिरणारे माझ्या ओळखीत ढिगाने आहेत. जपानमधून जुनी कॅपुचिनो आणायचं स्वप्नही बघू नका. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि शुल्क वेगळंच. अमेरिकेत उलट: पंचवीस वर्षं झाली की आणता येते, म्हणून तिथले लोक या पिवळ्या प्लेटवाल्या गाड्या उचलून नेतायत आणि भाव चढतायत.

उलटी वाहतूकही आहे. गुरुग्राममध्ये बनलेली पाच दरवाजांची जिम्नी २०२५ साली जपानमध्ये नोमाद नावाने आली, तेव्हा चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या आणि सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे त्याच जिम्नीला ग्राहक मिळवायला सवलती लावाव्या लागल्या होत्या. गॅरेजच्या मालकांना गाडीची किल्ली परत देताना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं की भारतात ती लगेच मिळते का. मिळते म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि आणखी अर्धा तास बसवून घेतलं.

जाणार असाल तर: आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतूनच काढून न्या, वर्षभर चालतो, शुल्क हजार रुपये, जपानमध्ये तो ग्राह्य धरतात आणि गाड्या डावीकडूनच चालतात. कॅपुचिनो किंवा बीट घेणार असाल तर एकच छोटी बॅग न्या, बाकी सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. उंची सहा फुटांच्या वर असेल तर बीट आधी बसून बघा. आणि टर्नपाइक फक्त चढायला, उतरायला त्सुबाकी.