मुंबईत तारे दिसत नाहीत, मग तुम्ही बघता काय?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली असताना, सगळीकडे हाच प्रश्न. सौरवारा आणि चुंबकीय वादळं हा माझा विषय, असं म्हटलं की समोरचा माणूस आधी वर बघतो आणि मग माझ्याकडे. परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुन्हा विचारलं, आणि वर म्हणाल्या, "त्यापेक्षा लडाखला बदली का मागून घेत नाहीस?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

काकू, मी आकाशाकडे बघत नाही. मी आकडे बघते. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो, सेकंदाला तीनशे ते आठशे किलोमीटर वेगाने. हाच सौरवारा; त्याच्या तडाख्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. तो डोळ्यांना लडाखमधूनही दिसत नाही. आपलं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला राहून तो मोजतं. वारा सेकंदाला ४०० किलोमीटरचा असेल तर यानापासून आपल्यापर्यंत पोचायला त्याला तासभर लागतो. वादळाची आगाऊ खबर म्हणून हाती असतो तो हा तासभर. हे काम दादरला भर दुपारी, खाली भाजीवाल्यांचा कालवा चालू असताना होतं. दीर्घिकांवर काम करणारेही सगळे अंधाराचे मिंधे नसतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दिवसाही ऐकतात, ढगातूनही ऐकतात. आणि रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण १९६५ मध्ये कुठे उभी केली? कल्याणला. तुमच्या-माझ्या लोकलच्या कल्याणला.

१८५९ चं उदाहरण तर मी प्रत्येक भाषणात देते. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक लखलखाट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी, म्हणजे मुंबईत २ तारखेला सकाळी, कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र ढासळू लागलं. सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण. तिथला माणूस आकाशाकडे बघत नव्हता. तो उपकरणाचा आकडा वाचून वहीत उतरवत होता. दीडशे वर्षांनंतरही त्या महावादळाचा अभ्यास करणारे त्याच्या वहीकडे येतात.

हे सगळं खरं आहे. पण भाषणात पुढचं मी सांगत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली. म्हणजे जे दिसत नाही तेसुद्धा मोजू द्यायला हे शहर तयार नव्हतं. काकूंचं अगदीच चुकत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणालाच सांगितली नाही.

आठ वर्षांपूर्वी मी मुंबईच्या जुन्या छापील नोंदी कॉम्प्युटरवर चढवत होते. एकोणिसाव्या शतकातली तीन वादळं निवडली होती. प्रती इतक्या पुसट की तीन आणि आठ ओळखायला भिंग घ्यावं लागे. परदेशातल्या एका वेधशाळेशी ताडून पाहिलं, तर मुंबईची घसरण चाळीसेक मिनिटं आधी झालेली. वादळाचा तळ, म्हणजे क्षेत्र सगळ्यात खाली जातं तो क्षण, सगळीकडे एकाच क्षणी येत नाही, जागेप्रमाणे पुढेमागे होतो, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. उलट हुरूप आला. दुसरं वादळ, चाळीस मिनिटं. तिसरं, चाळीस मिनिटं. तिथेच थांबायला हवं होतं. तीन वेगळी वादळं मोजून तेवढ्याच मिनिटांनी लवकर येत नसतात. मी मात्र त्या सारखेपणालाच पुरावा मानलं.

त्या रविवारी आईकडे जेवायला गेले होते. बाबा विळीवर नारळ खवत होते. मी उत्साहाने सगळं सांगितलं. ते खवता खवता म्हणाले, "पण वेळ कुठली धरलीस? तुझी आजी मुंबई टाइम म्हणायची. स्टँडर्ड टाइम वेगळा." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही." त्यांनी हातातली वाटी फिरवली आणि खवत राहिले.

दोन महिन्यांनी भरल्या सभागृहात मी ते तिन्ही आलेख दाखवले. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी हात वर केला. "या वेळा स्थानिक आहेत की प्रमाणवेळ?"

प्रमाणवेळ आपल्याकडे आली १९०६ मध्ये. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, आजची साडेपाच तास पुढे आहे. फरक ३९ मिनिटांचा. मी सवयीने साडेपाच तास वजा केले होते. माझा शोध म्हणजे माझ्याच प्रोग्रॅममधली एक चुकीची ओळ होती. "तपासून सांगते," म्हटलं. भाषणाची सात मिनिटं उरली होती. ती सातही मिनिटं मी बोलत राहिले, कारण थांबायचं कसं ते सुचेना.

घरी सांगितलं, "थोडी दुरुस्ती आहे." बाबा "बरं" म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

ही चूक कुणाच्याही हातून झाली असती, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. आज ती पटत नाही. कुलाब्याच्या त्या माणसाला आपल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत हे ठाऊक होतं. मी त्याच शहरात बसून त्याचे आकडे घेतले आणि ते घड्याळ कुठली वेळ दाखवतंय हे विचारलंही नाही. आकडे बघणं म्हणजेच बघणं, हे मी वर मोठ्या ठसक्यात सांगितलं. त्या तीन वादळांच्या बाबतीत मी बघितलं होतं, असं म्हणवत नाही.

अकरावीत असताना वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते. सतरंजीवर पाठ टेकून पहाटेपर्यंत जागलेली ती मुलगी मला अजून अडवते. तू हे करणार होतीस? मी तिला सांगते की वाऱ्याचा अभ्यास कर म्हणून तुलाच वाटलं होतं. ती म्हणते, मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्लेचं आकाश लाल झालं, तेव्हा तू कुठे होतीस? दादरला होते. पडदे ओढून, स्क्रीनसमोर. कण आणि क्षेत्र दोन्ही मिनिटामिनिटाला बदलत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. तो काटा खरा होता. पण गेल्या तीन वर्षांत रात्रीचं आकाश मी दोनदाच नीट पाहिलं आहे, हेही तितकंच खरं. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, आणि तिचं म्हणणं पूर्ण मान्यही करवत नाही.

लडाखला मी जाणार नाही, काकू. पुढच्या आठवड्यात गेटवेवरून मांडव्याची बोट धरून अलिबागला जाते आहे. बाबांना विचारलंय, येता का. ती ३९ मिनिटंही सांगितली, आठ वर्षांनी. ते म्हणाले, बोट किती वाजता आहे ते बघून सांगतो.