रंगाऱ्यानं दाखवलेलं चित्र

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉकमध्ये चित्रकार जो जोन्सचं 44 फूट लांबीचं भित्तिचित्र लोकांना समजावून सांगणं, हे माझं काम. बहुतेक शाळकरी मुलं येतात. त्या दिवशी एकही गट नव्हता. शेजारची भिंत रंगवायला आलेला साठीतला कृष्णवर्णीय रंगारी चित्रावर प्लास्टिक अंथरता अंथरता थांबला.

"कुठं शिकला हा?"

"कुठंच नाही. घरं रंगवायचा, मिसुरीतल्या सेंट लुईसमध्ये. बापही रंगारीच."

"म्हणजे आमच्यातला!" त्यानं प्लास्टिक खाली ठेवलं.

मी माझी नेहमीची टेप लावली. समीक्षक जोन्सला अमेरिकी प्रांतीय चित्रकारांत, म्हणजे आपापल्या भागातलं गावाकडचं जगणं रंगवणाऱ्यांत, मिसुरीच्याच थॉमस हार्ट बेंटनच्या पंगतीला बसवतात. गव्हाची शेतं यानंही रंगवली. पण 1935 च्या उन्हाळ्यात, सव्विसाव्या वर्षी, मेना गावाजवळच्या कॉमनवेल्थ कॉलेज या कामगारांच्या शाळेसाठी त्यानं तीन विषय घेतले: कोळसा खाणीतले मजूर, अर्धेलीनं शेत कसणारे, आणि झुंडीनं दिलेली फाशी. तेही जेवणघरात! (घास कसा उतरत असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.) 1940 मध्ये कॉलेज बंद पडलं, मालमत्ता विकली गेली. चित्राचे हार्डबोर्ड 1984 मध्ये मेनातल्या एका घरात सापडले, बांधकामात वापरलेले.

रंगाऱ्याचं लक्ष नव्हतं. तो शेतकऱ्यांसमोर उभा होता.

"आजोबा असेच कापूस पिकवायचे. बी, पीठ, रॉकेल, सगळं मालकाच्या दुकानातून उधार. सुगीला हिशेब व्हायचा. वही मालकाची. दरवर्षी थोडं देणं उरायचंच."

"वही बघायला मागितली नाही कधी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ब्रशच्या दांड्यानं फाशीच्या प्रसंगाकडे बोट केल्यासारखं केलं. "मॅम, म्हणून नाही मागितली."

किती वर्षं मी 'तीन विषय' म्हणत होते, हे आता सांगायलाही लाज वाटते.

विषय बदलायला म्हणून मी टायरोन्झा गावाची आठवण काढली. याच राज्यात 1934 मध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना काढली होती. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "आजोबा बैठकीला जायचे. आजी दिवा मालवून बसायची, ते परत येईपर्यंत."

मग त्यानं प्लास्टिक उचललं, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि म्हणाला, "घट्ट धरा. थेंब उडायला नको."