मामांची प्लेट

बेळगावात एका लॅबच्या कल्चर विभागात, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या विभागात, मी काम करते. सकाळी खानापूरहून पोहोचल्याबरोबर इन्क्युबेटर उघडायचा आणि आदल्या दिवशीच्या प्लेटी बघायच्या. लघवीच्या नमुन्याची निळसर-हिरवी प्लेट रात्रीत पिवळी झाली की जंतू बहुतेक ई. कोलाय, नाहीतर क्लेब्सिएला. गेल्या फेब्रुवारीत अशी एक पिवळी प्लेट उचलली, तर लेबलवर माझ्या मामांचं नाव.

मामांचं प्रोस्टेट वाढलेलं. लघवी अडली म्हणून नळी घातलेली, ऑपरेशन पुढं ढकललेलं. दोन महिन्यांत तीनदा जळजळ झाली आणि तिन्ही वेळा गावाजवळच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आणलं. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही अशा यादीतलं आहे. २०१४ पासून दुकानदारानं त्याची वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवायची असते. मामी म्हणाली, "ताप उतरला की गं, मग उगा कशाला खायच्या म्हणून ठेवल्या त्यांनी." उरलेल्या गोळ्या फडताळात, देवाच्या उदबत्तीशेजारी. चौथ्यांदा हुडहुडी भरली तेव्हा अ‍ॅडमिटच करावं लागलं.

दुसऱ्या प्लेटवर जंतू पसरून आम्ही औषधाच्या कागदी टिकल्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो, तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. मामांच्या प्लेटवर सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, तिन्ही टिकल्यांना खेटून जंतू उगवलेले. मोजायला काही नव्हतंच. रिपोर्टवर ईएसबीएल लिहिताना माझा हात जड झाला. म्हणजे या जंतूकडं असं एन्झाइम आहे की ते ही सेफ गटातली औषधं फोडून टाकतं, आणि त्याची जनुकं शेजारच्या जंतूलाही देता येतात.

गोल दिसले ते मेरोपेनेम, अमिकासिन आणि नायट्रोफ्युरँटॉइनभोवती. नायट्रोफ्युरँटॉइन गोळीनं घेता येतं, पण ते मूत्राशयापुरतंच. मामांचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलेलं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं, आणि अमिकासिन किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून डॉक्टर त्यालाही कचरत होते. राहिलं मेरोपेनेम, दर आठ तासांनी शिरेतून. दहा दिवस मामी कॉटखाली चटई टाकून झोपली. मामा वाचले. त्याही औषधाभोवती गोल आला नसता तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

नळीचंही सांगते. नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तिथं औषध नीट पोहोचत नाही. म्हणून जुनी नळी बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. आणि नळी बरेच दिवस असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप नाही, दुखणं नाही, तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक सुरू करायला डॉक्टरांच्या मागं लागू नका.

काल नंदगडचा एक मुलगा वडिलांच्या नळीला लावलेल्या पिशवीतली लघवी बाटलीत ओतून घेऊन आला होता. पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, तो रिपोर्ट फसवा येतो. त्याला बसवून सांगितलं: सिस्टरला नळीला चिमटा लावायला सांग, नळीचा पोर्ट, म्हणजे नमुना घ्यायची जागा, स्पिरिटनं पुसून सिरिंजनं घ्यायला सांग, अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यानंतर, आणि आधी कुठल्या गोळ्या झाल्यात ते फॉर्मवर लिही. कन्नडात 'उरी' म्हण, मराठीत जळजळ, पण कधीपासून तेही लिही. तासाभरात तो परत आला. बाटलीवर वेळ लिहिलेली, आणि फॉर्मच्या मागं तीन गोळ्यांची नावं.