फणसाड, फेरी तिसरी: घरटी मोजायची पद्धत बदलली

मार्चच्या पहिल्या रविवारी पुन्हा रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्यात जाऊन आलो. आधी एक दुरुस्ती. डिसेंबरच्या फेरीत चिखलगाणाच्या वाटेवर (इथे पाणवठ्याला गाण म्हणतात) शेकरूची 11 घरटी मोजली आणि वहीत ‘शेकरं भरपूर’ असं ठोकून दिलं होतं. ते चुकलंच. एकच शेकरू आपल्या हद्दीत बरीच घरटी बांधून ठेवतं. काही झोपायची, एखादं पिल्लांचं, काही सोडून दिलेली. घरट्यांवरून शेकरं मोजता येत नाहीत.

म्हणून या वेळी वहीत प्रत्येक घरट्यापुढे तीन गोष्टी लिहिल्या: झाड कोणतं, घरट्यातली पानं हिरवी (म्हणजे घरटं वापरात) की वाळकी, आणि शेजारच्या झाडांचे शेंडे त्या झाडाला भिडलेत का, म्हणजे शेकरूला खाली न उतरता पलीकडे जाता येईल का. त्याच वाटेवर 13 घरटी निघाली, पण हिरवी पानं फक्त चारात.

सुपेगावातून सोबत घेतलेल्या काकांनी मला दोनदा थांबवलं. “सारखा वर काय बघतोस? आधी पायाखाली बघ.” एका किंजळीच्या झाडाखाली कुरतडलेल्या डहाळ्या पडल्या होत्या. एक उचलली. टोक तिरकं कापलेलं, बोटाला ओल लागली. म्हणजे नुकतंच. तिथेच बसलो, पंचवीस मिनिटं हललो नाही. मग डोक्यावर खॅक-खॅक-खॅक सुरू झालं आणि पानांतून ती लांब झुपकेदार शेपटी खाली लोंबताना दिसली. तांबूस पाठ, पिवळसर पोट. मागच्या पायांनी फांदी धरून, पुढच्या दोन्ही पायांत काहीतरी फिरवत खात होतं. उठलं ते उडी न मारता गारंबीच्या वेलावरून चालत पलीकडच्या ऐनाच्या झाडावर गेलं. घरट्याच्या झाडाची नोंद करताना वेलही बघायला हवेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. चौथा रकाना तिथेच आखला.

गारंबीबद्दल थोडं. मांडीएवढा जाड, पिळदार वेल, आणि हातभराहून लांब शेंगा. तिच्या चपट्या, गुळगुळीत बिया ओढ्यातून समुद्रात जातात आणि तरंगत राहतात. काशीदच्या वाळूत मला एक मिळाली होती, ती अजून टेबलावर आहे.

बाकी: अंजनीची झाडं फुलायला लागली आहेत, खोडालगत निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके. भेकराचं (लहान हरीण) भुंकणं एकदा. धनेश पक्षी नाही दिसला.

जंजिऱ्याच्या नवाबांच्या शिकारीसाठी राखलेलं हे रान, 1986 मध्ये अभयारण्य झालं. ज्या वाटांवरून बंदुका घेऊन जात, तिथे आज वही-पेन्सिल घेऊन बसता येतं, याचं मला दर वेळी फार बरं वाटतं.

पुढची फेरी मेमध्ये, पावसाआधी. वाट तीच. त्या चार घरट्यांत तेव्हा ताजी पानं असतात का, ते बघायचंय.