तुम्ही विचारलंत म्हणून: स्फोट संपल्यावर मागून काय बघतेस?

मामी, लग्नात तुम्ही विचारलंत, त्याआधी शेजारच्या काकूंनी. "गॅमा किरणांचा स्फोट काही सेकंदांत संपतो म्हणतेस, मग मागून दुर्बीण लावून काय बघतेस, आणि जेवताना फोन कशाला लागतो?" दरवेळी मी "नंतर सांगते" म्हणून टाळलंय.

स्फोट, म्हणजे एक्स-रेहूनही जोरकस अशा गॅमा किरणांची आकाशातली क्षणभराची चमक, सॅटेलाइट बघतो; आम्ही मागे उरलेला आफ्टरग्लो, म्हणजे हळूहळू विझत जाणारा उजेड, शोधतो. नुसत्या गॅमा किरणांवरून तो किती लांब झाला ते कळत नाही, म्हणून तर १९६७ ला पहिला स्फोट टिपला गेला तरी हे आपल्या आकाशगंगेतले की फार पलीकडचे हा वाद १९९७ पर्यंत चालला होता. २८ फेब्रुवारी १९९७ ला झालेल्या स्फोटाकडे बेप्पोसॅक्स नावाच्या सॅटेलाइटने ८ तासांनी वळून मंदावत जाणारे एक्स-रे पकडले, ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने २१ तासांनी फोटो घेतला आणि ८ मार्चच्या फोटोत तो ठिपकाच नव्हता. मे महिन्यात दुसऱ्या एका आफ्टरग्लोचा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून, हवाईतल्या केक दुर्बिणीने काढला तेव्हा कळलं की तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी बनलीसुद्धा नव्हती, म्हणजे स्फोट फार पलीकडचा. अंतर त्या विझत्या ठिपक्यातूनच मिळतं हो.

आता त्या रात्रीचं सांगते, जे घरी कुणालाच बोलले नाही. दोन वाजता फोनवर अलर्ट आला, स्विफ्ट या स्फोट शोधणाऱ्या सॅटेलाइटची पहिली पोझिशन, म्हणजे स्फोट ज्यात कुठेतरी आहे असं आकाशातलं तीन आर्कमिनिटांचं छोटं वर्तुळ. आभाळ स्वच्छ, जागा चांगली वर आलेली, आणि आमच्या कॅमेऱ्यात ते वर्तुळ आरामात मावत होतं. एरवी दीडेक मिनिटात स्विफ्टच एक्स-रेमध्ये बघून नेमकी जागा कळवतो, पण त्या वेळी पृथ्वी आड येत असल्याने त्याला लगेच वळता येणार नव्हतं. मी म्हटलं येऊ दे नेमकी जागा, तोवर चालू असलेलं ऑब्झर्व्हेशन कशाला तोडा. आणि डोळा लागला. ५० मिनिटांनी जागा आली, मग उजाडेपर्यंत फ्रेम, म्हणजे फोटो, घेतल्या, एकावर एक रचल्या, काही नाही. एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतोय आणि आमच्याकडे कोरं आभाळ. तेव्हा रात्र असलेल्या बाकीच्या ठिकाणी ढग होते. त्या स्फोटाचं अंतर कुणालाच मिळालं नाही, आता कधी मिळेल असं वाटत नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं, १९९७ ला २१ तासांनी सापडला, मग ५० मिनिटांनी काय बिघडतं. पण तो मुळात ठळक होता. साधारण हिशोब असा की दहापट वेळ गेला की प्रकाश दहावा हिस्सा उरतो, म्हणजे लगेच दुर्बीण वळवली असती तर तिसऱ्या मिनिटाला जे मिळालं असतं त्याचा माझ्या वाट्याला पंधरावा-विसावा भाग आला. हे मला तेव्हाही पाठ होतं, तरी थांबले.

आणि तरीही मी पूर्ण चुकले असं मान्य करायला मन तयार होत नाही. काही स्फोट धुळीमागे असतात, काही इतके लांब की मधला हायड्रोजनच दृश्य प्रकाश गिळतो, त्यांचे एक्स-रे दिसतात पण डोळ्यांच्या प्रकाशात काहीच येत नाही. हा तसला असेल तर तिसऱ्या मिनिटालाही कोरंच आलं असतं. पण तिसऱ्या मिनिटाची एक फ्रेम असती तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं, धूळ होती की माझा उशीर. त्या फ्रेम मी अजून अधूनमधून उघडून बघते.

तेव्हा मामी, पुढच्या वेळी जेवायला आले तर फोन ताटाशेजारीच असेल, राग मानू नका.