पंधरा पायऱ्या

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवर एक लाल दार आहे. आत शिरून पंधरा पायऱ्या उतरलं की 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा जॅझ क्लब. पुढे भाचा, मागे कठडा धरून मी. "मावशी, वाजवणं सुरू झालं की बोलायचं नाही हं," त्याने बजावलं. अरे, मी काय लग्नाला आलेय?

तळघर जेमतेम १२३ माणसांचं, आणि धड चौकोनीही नाही. पाचरीसारखं एका टोकाला निमुळतं. १९३५ पासून ते इथेच आहे. खायला काही मिळत नाही. जुन्या स्वयंपाकघरात आता कलाकार बसतात, त्यामुळे चौघे वादक आमच्या टेबलांमधूनच वाट काढत मंचाकडे गेले. सॅक्सोफोनवाल्याचं कोपर माझ्या पर्सला लागलं. मला बरं वाटलं. गावी भजनाला बसलेल्यांच्या मांड्या ओलांडतच माझे वडील पखवाजापर्यंत पोचायचे.

त्यांनीच मला हातावर सोळा मात्रांचा तीनताल धरायला शिकवलं. ती सवय काही जात नाही. ड्रमवाल्याने ब्रश फिरवायला घेतले (चाळणीत पीठ चाळावं तसा आवाज), बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणाऱ्याची बोटं चालायला लागली, आणि माझा हात मांडीवर गेला. सम, तालाची पहिली मात्रा, कुठे आहे?

पहिली दोन गाणी मी पार हरवले. आपण एकवर टाळी देणारी माणसं. इथे पायाने वाजवायची झांज दोनवर नि चारवर मिटते. प्रत्येक वेळी वाटायचं, आपलंच चुकलं. त्यात एकाचं वादन संपलं की लोक टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्यांच्या खाली पुढच्याची सुरुवात बुडून जाते. ही रीत मला अजून पटलेली नाही. समेवर येऊ दे की त्याला, मग द्या दाद.

तिसरं गाणं ब्लूज होतं, म्हणजे एकच ठरलेलं चक्र पुन्हा पुन्हा फिरणारा प्रकार. भाच्याने बोटाने टेबलावर लिहून दाखवलं: १२ बार. एक बार चार मात्रांचा. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस. म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं! त्या ब्लूजच्या ओळीही तीनच, प्रत्येक सोळा मात्रांची. मग काय, टाळी, टाळी, नवव्या मात्रेला टाळी न देता 'खाली', मग टाळी. पियानोवाला सूर सोडून कुठल्या कुठे निघून गेला, तरी मला ठाऊक होतं तो किती वेळात परत येणार. आला. तोंडातून "वा" निघालंच. भाच्याने डोळे वटारले, पण बासवाल्याने वर पाहिलं बहुतेक. अंधारात नक्की सांगता येत नाही.

बासचा एकल तुकडा आला आणि मागे कुणाच्या तरी ग्लासातला बर्फ खळकन वाजला. मला राग यायला हवा होता. पण २५ जून १९६१ च्या रविवारी याच तळघरात पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं ध्वनिमुद्रण झालं, त्यात ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज जशीच्या तशी आहे. बासवर होता स्कॉट लाफारो, २५ वर्षांचा. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. त्या दिवशी त्याच्या वाजवण्यावर गप्पा मारणाऱ्यांना ते ठाऊक असणार कसं? घरी ती तबकडी ऐकताना मी आता बासपेक्षा त्या किणकिणीकडेच कान देते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने इथे एक रचना वाजवली, तिचं नाव 'इंडिया'. पुढे मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, रविशंकरांवरून. भाचा हे सगळं कुजबुजत सांगत होता आणि आता डोळे वटारायची पाळी माझी होती.

कार्यक्रम सव्वा तासात आटोपला. चौघे पुन्हा आमच्यामधून, पर्स सांभाळत बसलेल्या माझ्या शेजारून, स्वयंपाकघरात गेले. आम्ही जिन्याशी आलो. हात अजून मांडीवर चालूच होता. जिन्याखालची फरशी ही एक, मग पायऱ्या दोन, तीन, चार... शेवटची पायरी सोळा. दार ढकललं, आणि सम सेव्हन्थ अव्हेन्यूच्या फुटपाथवर पडली.