परातीचा आवाज

आषाढ वद्य त्रयोदशी, रात्रीचे साडेनऊ

दिवसभर झड लागून राहिली होती. ऑफिसातून यायला उशीर झाला. ओले कपडे बदलले आणि थेट ओट्याशी उभी राहिले. एका शेगडीवर पिठलं, दुसरीवर भाकरीसाठी आधण. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या खोलीत खाटेवर बसून जप करत होत्या. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे अधू झालेत. समोर कुणी उभं राहिलं तर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून ओळखतात.

पहिलीच भाकरी थापत होते आणि आतून आवाज आला, "कडंला जाड ऱ्हायलंय गं."

बघितलं तर खरंच एका बाजूला कड जाड होती. भाकरी जाड असते तोवर हाताखाली धप धप असा भरीव आवाज येतो. पातळ होत गेली की परातीचा तळ बोलायला लागतो, आवाज वर चढतो. सगळीकडं सारखी झाली की एका लयीत टप टप टप. हे मला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. आत्यांना तरी कुणी शिकवलं असेल? नजर गेली आणि कान तेवढे उरले. पुढची भाकरी मी आवाजाकडं लक्ष देऊन थापली. आतून काहीच शेरा आला नाही, याचा मला फार आनंद झाला.

आज लिहायला बसले ते या आनंदासाठीच. तो खूप मोठा होता असं नाही, पण त्यात खोट नव्हती.

ज्वारीची भाकरी अर्ध्या लक्षानं होत नाही. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ती ताणली तरी धरून राहते. कणीक भिजवून झाकून ठेवा, तासाभरानं लाटा, ती रुसत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून पिठात आळं करून उकळतं पाणी घालायचं, म्हणजे त्यातला स्टार्च चिकट होतो आणि तेवढ्यावरच सगळी भाकरी उभी राहते. तळहातानं रगडून मळायचं, लगेच गोळा घ्यायचा, लगेच थापायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. थोडा उशीर झाला तर भेगा पडतात, घाई केली तर पीठ तव्याला चिकटतं. मग दुसरी बाजू चांगली शेकून जाळावर धरायची, पापुद्रा सुटून टम्म फुगेपर्यंत. पिठाचंही तसंच. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना तुकडे पडतात. पावसाळ्यात मी आठवड्यापुरतंच दळून आणते.

संध्याकाळचा हा अर्धा तास असा असतो की त्यात दुसरं काही शिरत नाही. उद्याची मीटिंग शिरत नाही, कालचं कुणाचं लागट बोलणंही शिरत नाही. मी कधी ध्यानाला बसलेली नाही आणि त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण हात जिथं आहेत तिथंच मन असणं म्हणजे काय, हे मला परातीपुढं कळतं.

आमचं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथली काळी, खोल जमीन परतीच्या पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर निघते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडं पेरतात ती मालदांडी. तिचं एम 35-1 हे निवड वाण 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निघालं आणि अजूनही शेतकरी ते सोडत नाहीत. मोत्यासारखा दाणा, आणि कडबाही गुरांना गोड लागतो. सुगी झाली की दादा अजूनही एक पोतं पाठवतो.

एवढं सगळं असून पुण्यात आल्यावर आमच्या घरात न ठरवता एक रीत पडून गेली होती. भाकरी घरात, पोळी डब्यात. कुणी तसं म्हणालं नव्हतं, कुणी हसलंही नव्हतं. आजूबाजूला सगळ्यांच्या डब्यात पोळी होती एवढंच. मग आत्या कायमच्या आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. सकाळच्या गडबडीत दोन्ही करणं जमेना, म्हणून मी डब्यातही भाकरीच न्यायला लागले, सोबत शेंगाची चटणी. सुरुवात झाली ती अशी वेळ वाचवण्यापासून.

पण वाचलं ते वेळेपेक्षा मोठं होतं. घरातली मी आणि बाहेरची मी, अशा दोघींना सांभाळायची दगदग गेली. बोलतानाही मग सैल झाले. फोनवर दादाशी बोलताना जो हेल येतो तो आता ऑफिसातही आला तर येऊ देते. सोमवारी कुणी विचारलं, "काय केलंत सुट्टीत?" तर खरं ते सांगते. दळण आणलं, आत्यांचं डोकं धुतलं, दुपारी झोपले. आधी अशा उत्तरात मी एखादं नाटक, एखादी सहल घुसडू बघायची, न झालेली. आपलं आयुष्य सांगण्याजोगं नाही ही बोच माणसाला किती थकवते, ते ती गेल्यावरच कळतं.

मधल्या काळात ज्वारीला फार मान आला. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून दुकानांत ज्वारीचे लाडू, ज्वारीच्या शेवया, ज्वारीची बिस्किटं दिसतात. मला त्याचा आनंदच आहे, शेतकऱ्याला चार पैसे मिळोत. तरीही आत्यांसाठी थापलेल्या भाकरीचं सुख या मानावर अवलंबून नाही. उद्या ही हवा ओसरली तरी ते मला तेवढंच मिळेल.

उद्या चतुर्दशी, सावता महाराजांची पुण्यतिथी. आत्यांनी सकाळीच आठवण करून दिली होती. त्यांचं माहेर माढा तालुक्यातलं, अरणच्या अगदी जवळ, त्यामुळं सावता महाराज त्यांना घरच्या माणसासारखे. 1295 साली अरणलाच त्यांनी देह ठेवला. पंढरपूर इतकं जवळ, तरी हा माणूस आपला मळा सोडून वारीला गेला नाही अशी परंपरा सांगते. खुरपणं, पाणी देणं, भाजी काढणं यातच त्यांना देव भेटला. आणि आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येऊन गेल्यावर पांडुरंगाची पालखी अरणला जाते, सावता महाराजांच्या भेटीला. लहानपणी पाहिलेला तो सोहळा आत्या आज जेवताना सांगत होत्या. मी घास हातात धरून ऐकत होते. ही गोष्ट त्यांनी आधीही सांगितली आहे, पण आज त्यात पावसात भिजलेला त्यांच्या वडिलांचा फेटा नव्यानं आला. मी दुसरीकडं लक्ष ठेवून हूं हूं करत असते तर तो फेटा मला कधी दिसला नसता.

रोज असं होतं असं मात्र नाही. लेक बंगळुरूला आहे, त्याच्या नोकरीचं डळमळीत चाललंय, आणि काही रात्री मी पडल्या पडल्या त्याचे पुढचे सहा महिने जगून येते. आत्यांची नजर आता परत येणार नाही, आहे तेवढी टिकावी म्हणून दिवसातून दोन वेळा थेंब घालायचे. हे काळजीचे विषय भाकरीनं सुटत नाहीत. पण थेंब घालताना मी थेंबच घालते. त्यांची मान माझ्या हातावर विसावते, त्या डोळे मिटतात, आणि मी सांगेपर्यंत उघडत नाहीत. त्या दोन मिनिटांत आम्ही दोघीही कुठं जात नाही.

आज डबा खाताना शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, मला भाकरी शिकवाल का? तिच्या आजीला यायची, आईनं सोडली, आणि आता तिला हवीय. रविवारी ये म्हटलं. काठवट नाही म्हणत होती, तर साधी परात चालते असं सांगितलं. पीठ विकत आणू नकोस, उद्या नवं दळून आणणार आहे, त्यातलंच घेऊ. ती ओट्याशी उभी राहील तेव्हा आत्यांची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घ्यायची आहे. शिकवणार त्याच आहेत.